सरूवहिनीची भट्टी

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा आबा तिची भट्टी लिंपत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे मी औरंगाबादेहून केदारखेड्याला आलो होतो. त्या सकाळी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या आमच्या वस्तीवर, लिंबाखाली बसून मी आबांना दोन-तीनदा सांगून चुकलो होतो की ऊन चढलंय, आता पुरे. वडील माझं ऐकतील ही आशा मी लहानपणीच सोडली आहे, तरी सांगायची सवय जात नाही. मातीत भुसा आणि शेण कालवून ते भट्टीच्या पाठीवरची भेग बुजवत होते. तेवढ्यात जालना स्टेशनावरचा एक हमाल सायकल ढकलत बांधावरून आला. माझा थोरला भाऊ माधवदादा तिथे मालधक्क्यावर कारकून आहे, त्यानेच त्याला पाठवलं होतं. तो माणूस सायकल धरूनच उभा राहिला आणि म्हणाला, "माधवरावांच्या घरच्या गेल्या... पहाटं." आबांनी मान वर केली नाही. हातातला गोळा त्यांनी भेगेवर दाबला, अंगठ्याने कडा सारखी केली, पाण्याचा हात फिरवला आणि मग, "किसन, बैल जुंप," एवढंच मला म्हणाले. कोपरापर्यंत मातीने भरलेले हात त्यांनी धुतले नाहीत. जालन्यापर्यंत गाडीत ती माती त्यांच्या हातांवर वाळत गेली.

त्या भट्टीतला एक घाससुद्धा आबांनी तोवर कधी खाल्ला नव्हता. हे सांगितलं नाही तर वहिनीबद्दल मी काहीच सांगितलं नाही असं होईल. तिला जाऊन चार महिने झाले. भेटायला येणारा जो तो सांगून जातो की सरस्वतीबाई फार सोशिक होत्या, गरीब गाय होत्या. मला हे ऐकून राग येतो. सरूवहिनी सोशिक बिलकुल नव्हती. ती हट्टी होती, आबांच्या तोडीस तोड हट्टी होती, फक्त आबांचा हट्ट दिसायचा आणि तिचा दिसायचा नाही. गेलेल्या माणसाला लगेच देवघरात बसवायची आपल्याकडे फार घाई असते. मला ती देवघरात नको आहे. ती मला भट्टीपाशी हवी आहे, घामेजलेली, पदर खोचलेली, आणि माझ्या अंगावर खेकसणारी की, "भावजी, तोंडासमोरून सरका, उजेड अडवून राह्यले."

ती वडीगोद्रीची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात आम्ही तिघे पुरुषच होतो, आबा, दादा आणि मी. आई मी लहान असतानाच गेली होती आणि चूल आबांनीच सांभाळली होती. म्हणजे काय, तर आम्ही करपलेल्या भाकरीला भाकरी समजून मोठे झालो. वहिनीने पहिल्या आठवड्यात आमच्या चुलीची उंची बदलली, सरपण वेगवेगळं रचलं. पऱ्हाट्या एका बाजूला, तुराट्या एका बाजूला, बाभळीची फोडलेली लाकडं आत, कोरड्या जागी. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या त्या पऱ्हाट्या आमच्याकडे सगळेच जाळतात, पण त्यांचा जाळ भडकतो आणि बसतो, म्हणून त्यांच्यावर भाकर भाजायची, वरण शिजवायचं नाही, हे तिने मला समजावून सांगितलं. मी तेव्हा शाळकरी होतो आणि तिला एकेरीत बोलायचो, ती मात्र पहिल्या दिवसापासून मला 'भावजी, तुम्ही' म्हणायची आणि तरी कान धरायची. आबांनी तिच्या स्वयंपाकाला कधी चांगलं म्हटलं नाही. ते फक्त आणखी एक भाकर मागायचे. तेवढं तिला पुरायचं.

पुढे दादाला जालन्यात नोकरी लागली आणि वहिनी तिकडे स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेली. तिथेच तिला दिवस गेले, आणि तिथेच ते मूल जन्मायच्या आधीच गेलं. मी पाहायला गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. दादा ताट घेऊन बसायचा आणि तसंच परत न्यायचा. अशात एक दिवस दादाच्या गोऱ्या साहेबांची मडम बशी झाकून घेऊन आली. म्हातारी बाई, आपली मराठी तिला मोडकीतोडकी यायची. तिने उशाशी बसून केकचा तुकडा मोडला आणि लहान मुलाला भरवावं तसा वहिनीच्या तोंडात घातला. वहिनीने तो गिळला. मग दुसरा. नंतर तिने मला सांगितलं होतं, "इतक्या दिसांनी तोंडाला चव कळली भावजी, आन् मंग मी रडले. तोवर रडलेच नव्हते."

त्या केकमध्ये अंडं होतं हे तिला मागाहून कळलं. आबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं नाव निघत नाही, त्यात परधर्माच्या बाईच्या हातचं खाणं म्हणजे तर बाटणंच. दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. आबा भेटायला आले तेव्हा वहिनीने अंथरुणावर उठून बसत स्वतःच त्यांना सांगितलं.

"कळल्यावर मनाला काही वाटलं का न्हाई?" आबांनी विचारलं.

"वाटलं. पन खरं सांगू का आबा? आधी कळलं असतं तरी त्या दिशी मी खाल्लं असतं."

आबा उपरणं खांद्यावर टाकून उठले आणि म्हणाले, "मंग आजपासून तुझ्या हातचं पानी मला चालनार न्हाई." रागाने नाही. त्यांच्या लेखी तो नियम होता, आणि नियम त्यांनी केलेला नव्हता. गावातल्या जाणत्यांनी तोड काढली की सुनेने पंचगव्य घ्यावं, की झालं शुद्ध. आबासुद्धा त्याला राजी होते. वहिनी राजी झाली नाही. "मी मेले असते आबा, तिनं मला जगवलं," ती म्हणाली. "पंचगव्य घेतलं म्हंजे ते पाप व्हतं असं झालं. त्याला मी पाप म्हननार न्हाई." झालं. आबांना पुढे येता येईना आणि तिला मागे जाता येईना. दादा या दोघांच्या मध्ये कधी पडला नाही, आणि मी पडलो तेव्हा दोघांनीही मला गप्प बसवलं.

तेव्हापासून ती केदारखेड्याला आली की घरात दोन स्वयंपाक व्हायचे. तिचा, आमच्यासाठी. आणि आबांचा, अंगणात तीन दगडांवर, स्वतःसाठी. ती त्यांच्या डोळ्यांदेखत आम्हाला वाढायची आणि ते तिकडे धुरात डोळे चोळत पिठलं ढवळायचे. मला तो सगळा प्रकार वेडेपणा वाटायचा. तिला तसं वाटत नसे. घरात आल्यापासून ज्या माणसाला तिने लेकीच्या मायेने जेवू घातलं, तो माणूस तिच्या हाताला विटला होता, हे तिच्या मनातून एक दिवसही गेलं नाही. तिने मला एकदा साफ सांगितलं, "आबांनी एकदा माझ्या हातचं खावं. आन् तेच खावं, जे मी त्या दिशी खाल्लं. अंड्याबिगर करीन, घरच्या तुपात करीन, पन तेच. मंग त्यांना कळंल की त्यात काही वाईट नव्हतं."

हे बोलणं सोपं, करणं अवघड होतं. वहिनी हिंडूफिरू लागल्यावर मडमच्या बंगल्यावर जाऊ लागली. आधी दारात उभी राहून बघायची, मग आत गेली. मडमची चूल म्हणजे जाड लोखंडाची पेटी, दगडी कोळशावर चालणारी. तिच्या दारावर ताव दाखवणारा काटा होता, पण तो केव्हाचा अडकून बसलेला. मडम पांढऱ्या कागदाचा तुकडा आत ठेवायची. लगेच काळा पडला तर थांबायचं, हळूहळू गव्हाच्या कोंड्याच्या रंगावर आला तर केक आत सारायचा. वहिनीने हे बघितलं, तिथे दोनदा स्वतः केक केला, दोन्ही वेळा छान उतरला, आणि मग ती घरी येऊन जी तोंडावर आपटली ते विचारू नका. घरी लोखंडी चूल कुठून येणार? तिने पत्र्याचं काम करणाऱ्याकडून रॉकेलच्या डब्याची एक पेटी करून घेतली होती, खाली निखारे, झाकणावर निखारे. मडमकडे लागायचा तेवढाच वेळ तिने इथे लावला. केक खालून कोळसा आणि आतून पिठाची लापशी. दादाने खाल्ला आणि चांगलं झालंय म्हणाला. दादा खोटं बोलतो तेव्हा फार जपून चावतो.

वहिनी मात्र पेटीसमोर बसून विचार करत होती. "मडमची चूल हळू तापती आन् तापली की तशीच राहती," ती म्हणाली. "ह्यो पत्रा लगेच तापतो, लगेच उतरतो. तिचा टाइम ह्याला लावला, ही माझीच चूक. आपल्या सासरची रीत दुसऱ्याच्या सासरी चालती का?" तिने खालचे निखारे कमी केले, वरचे वाढवले, तळाला वाळूचा थर दिला. चौथ्या-पाचव्या खेपेला पेटी वठणीवर आली. तोवर दुसरं महायुद्ध सुरू होऊन साखर दुर्मिळ झाली आणि वहिनी घनसावंगीकडच्या गुळावर आली. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गूळ साखरेपेक्षा लवकर लाल होतो, त्यामुळे वरून केक झालेला दिसायचा आणि आत कच्चा असायचा. मग ताव आणखी उतरवायचा, वेळ वाढवायचा. कागदही महाग झाला तेव्हा तिने कागद सोडला आणि चिमूटभर पीठ टाकून त्याचा रंग बघू लागली. हे ती बाजारातल्या करीमचाचांकडे शिकली. त्यांची पावाची भट्टी खोलीएवढी मोठी. वहिनी डबा घेऊन गेली तेव्हा ते म्हणाले होते, "बेटी, अब्बी नक्को. पाव को तेज आंच होना, इसको नरम होना. पाव निकलने दे, भट्टी उतरने दे, फिर ला." ती तिथे भट्टी उतरायची वाट बघत बसून राहिली. अंडं गाळून दही आणि खायचा सोडा घालायचं तिला जमलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली, की दह्या-सोड्याचा फेस फार वेळ टिकत नाही. कालवलं की लगेच आत गेलं पाहिजे. म्हणजे भट्टी आधी तयार हवी, माणसाने भट्टीसाठी थांबायचं, भट्टी माणसासाठी थांबत नाही. "भट्टीला इचारल्याबिगर आत काही ठेवायचं न्हाई," असं ती म्हणायची, आणि विचारायची म्हणजे हात भट्टीच्या तोंडाशी धरून, डोळे बारीक करून खरोखरच काही ऐकू येतंय अशी उभी राहायची. मी तिची खूप थट्टा केली आहे त्यावरून.

एका हिवाळ्यात ती कापूस वेचणीला केदारखेड्याला आली आणि आबांना म्हणाली, "आबा, आखाड्यावर एक भट्टी घालू का?" आबांनी थोडा विचार केला. "माती बाटत न्हाई कुनाच्या हातानं," ते म्हणाले. "घाल." वहिनीने वारुळाची माती आणली, विटांचे तुकडे आणले, एक मोठं टोपलं पालथं घालून त्यावर मातीचे थर चढवले आणि वाळल्यावर आत जाळ करून ते टोपलंच जाळून टाकलं. राहिली ती भट्टी. तिचा स्वभाव कळावा म्हणून मग वहिनी नुसतीच ती रोज पेटवायची, कधी पऱ्हाट्यांवर, कधी गोवऱ्यांवर, कधी बाभळीवर. पऱ्हाट्या फसवतात, गोवऱ्यांचा ताव सारखा असतो पण धूर लागतो, बाभळीचा निखारा सगळ्यात भरवशाचा, आणि आतली मागची बाजू तोंडापेक्षा जास्त तापते म्हणून डबा मध्येच फिरवावा लागतो, हे सगळं ती मला सांगायची. पण आवाज जरा मोठाच ठेवायची, कारण आबा तिकडे दावं वळत बसलेले असायचे. दावं वळता वळता आबा रोज थोडे जवळ सरकत होते. हे मी पाहिलं, तिनेही पाहिलं.

शेवटी ज्या दिवशी खरा केक करायचा होता त्या दिवशी आबा येऊन समोर बसलेच.

"तूप कोनतं?"

"तुमच्याच म्हशीचं, आबा."

"पीठ?"

"घरचं. कापडातून गाळलंय. बसा ना, तुमच्या म्होरंच कालवते."

त्यांनी सगळं बघितलं. दही बघितलं, गूळ बघितला. तिने निखारे मागे आणि बाजूला ओढले, पीठ टाकून रंग बघितला, डबा आत ठेवला, तोंडाला पत्रा लावला. आबा म्हणाले, "व्हऊ दे." फक्त दोन शब्द, पण मी त्यांचा मुलगा आहे, मला कळलं की ते आज खाणार आहेत. वहिनीलाही कळलं. तिने तांब्या उचलला आणि आबांसाठी ताजं पाणी आणायला विहिरीकडे निघाली. जवळजवळ पळतच गेली. मीही तिच्यामागून गेलो, पोहरा मी ओढतो म्हणून.

आमच्याकडे रीत आहे. घरात नवी चूल घातली की तिच्यावरचं पहिलं अन्न तोंडात घालण्याआधी घरच्या कर्त्या माणसाने अग्नीला तुपाचा घास द्यायचा. अग्नी उपाशी असताना माणसाने जेवायचं नाही. आबांनी ही रीत कधी चुकवलेली नव्हती. ते खायचं ठरवून बसले होते, म्हणूनच त्यांना ती आठवली. खायचं नसतं तर त्यांनी बोटही लावलं नसतं, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. आम्ही विहिरीवर असताना ते उठले, पत्रा बाजूला केला, पळीभर तूप निखाऱ्यांवर ओतलं, हात जोडले आणि जाळ धरायच्या आत पत्रा परत लावला. आम्ही परत आलो तेव्हा पत्र्याच्या फटीतून काळा धूर निघत होता. वहिनीने तांब्या खाली ठेवला आणि डबा ओढला. वरून कोळसा, खाली बसलेला गाळ. बाजूला तुपाची पळी पडलेली होती. तिने ती पाहिली आणि तिला सगळं समजलं.

आबा केकच्या काळ्या पाठीकडे बघत होते. "सरू," ते म्हणाले, "अग्नीनं घेतलं न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं त्यांना रडू येत होतं. "मी आल्तो. पन त्यानंच न्हाई म्हनलं. आता मी काय करू?" आणि ते पऱ्हाटीच्या ओळींमधून निघून गेले.

मी त्यांच्या मागे धावणार होतो. अहो, तूप ओतल्यावर जाळ होणार नाही तर काय होणार, हे ओरडून सांगणार होतो. वहिनीने माझं मनगट धरलं. "भावजी, माझी शपथ हाय तुम्हाला. बोलायचं न्हाई."

"कामून पन?"

"त्यांनी चांगल्या मनानं केलं. आपल्याच हातानं जळलं हे कळलं तर ते शरमंनं परत या भट्टीपाशी येनार न्हाईत. मला ते आलेले पाहिजेत."

मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. पण शपथ ती शपथ. तिने तो तांब्या उचलला, पाणी पऱ्हाटीच्या मुळाशी ओतलं आणि करपलेला डबा राखेने घासायला बसली.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा आली. या वेळी तिने आपल्या पद्धतीत आबांचं तूप बसवून टाकलं होतं. भट्टी जरा जास्त तापवायची, तूप आधी द्यायचं, भडका पूर्ण बसू द्यायचा, मग पीठ टाकून बघायचं, आणि मगच डबा आत. "आबा, तुम्ही आधी अग्नीला द्या, मंग मी ठेवते," ती म्हणाली. आबा जागचे हलले नाहीत. "एकदा इचारलं, एकदा उत्तर भेटलं," ते म्हणाले. "परत परत इचारायचं नसतं त्याला." मग तूप वहिनीनेच दिलं. त्या दिवशीचा केक मी विसरणार नाही. मधोमध फुगलेला, सगळीकडून सारखा तांबूस, आणि वास असा की वेचणीच्या बाया पाट्या टाकून आल्या. सगळ्यांनी खाल्लं. आबांचा वाटा तिने थाळीत झाकून आखाड्यावरच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तसाच होता, मुंग्या लागलेल्या. वहिनीने थाळी धुतली. "पुढच्या साली बघू," म्हणाली. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा मला बघवला नाही.

पुढचं साल आलं, पण त्या हिवाळ्यात दादाला रजा मिळाली नाही. मग उन्हाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. आबा आणि मी जालन्याला गेलो. आबा उंबऱ्यापाशी बसले. वर ऊन मी म्हणत होतं, तरी त्यांनी त्या घरातलं पाणी घेतलं नाही, स्टेशनावरच्या नळावर जाऊन पिऊन आले. वहिनीला ते दिसत होतं. तिचा आवाज पार खोल गेला होता, पण बोलणं नेहमीचंच. "आबा, भट्टीला मागच्या अंगानं भेग गेलीय. मिरगाच्या आधी लिंपून घ्या, न्हाईतर बसंल ती."

"घेतो."

"बरी झाले की येते मी."

"ये," आबा म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी तिला ये म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. ती यायची, ते सरकून बसायचे, इतकंच. ताप उतरणीला लागलाय असं वाटलं म्हणून आम्ही परतलो. चारसहा दिवसांनी तो सायकलवाला आला.

तेरावं झाल्यावर आबा आणि मी केदारखेड्याला आलो. दुसऱ्या दिवशी आबा मला म्हणाले, "भट्टी पेटव."

"आबा, मला त्यातलं काही येत न्हाई."

"तू पाह्यलंस ना तिला? मंग पेटव."

मी बाभळीची लाकडं रचली. तुपात गूळ घोळला, दही ओतलं, सोडा टाकला, पीठ मिसळलं, जसं आठवलं तसं. निखारे मागे ओढले. डबा हातात घेऊन मी वाकलो तेव्हा आबा म्हणाले, "थांब. लिंपन नवं हाय. आधी त्याला देऊ दे." त्यांनी पळीभर तूप घेतलं आणि आत ओतलं. जाळ भट्टीच्या तोंडातून हातभर बाहेर आला. आबा दचकून मागे सरले. आत वरच्या मातीला ज्वाळा चाटत होत्या, जिथे डबा ठेवायचा ती वीट जाळात दिसेनाशी झाली होती. आबा पळी हातात धरून बघत राहिले... जाळ बसायला लागला तरी बघत राहिले.

"किसन."

"हां."

"त्या दिशी डबा आतच व्हता."

"हो."

"सरूला कळलं व्हतं?"

"हो, आबा."

"मंग बोलली कामून न्हाई?"

जिने शपथ घातली ती राहिली नव्हती. मी सांगितलं. तुम्ही परत इथे यावं म्हणून, म्हणालो. आबा जमिनीवर बसले. जाळ पार बसल्यावर, माझ्याकडे न बघता, "ठेव आत," म्हणाले. मी पीठ टाकून पाहिलं. त्याचा रंग बदलला, पण तो योग्य की अयोग्य हे मला कळेना. हात तोंडाशी धरून पाहिला, नुसता पोळला. शेवटी अंदाजाने ठेवून दिलं. फेस तोवर मेला होता. निघालं ते एका कडेने करपलेलं आणि मध्ये खचलेलं. आबांनी डबा मांडीवर घेतला आणि तुकडे मोडून खायला लागले. काळी कड, कच्चा गाभा, काहीच टाकलं नाही. रडत होते आणि खात होते. मी पाणी पुढे केलं ते त्यांनी बाजूला ठेवलं.

आता गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ते भट्टी पेटवतात. दर खेपेला सरपण थोडं बदलतात, तूप आधी देतात, जाळ बसेपर्यंत थांबतात, चिमूटभर पीठ टाकून वाकून बघत राहतात. औरंगाबादेहून मी येतो तेव्हा माझ्याही हातावर तुकडा ठेवतात आणि मी तो चावेपर्यंत तोंडाकडे बघतात.

"तिचं असंच लागायचं का रं?"

मला दादासारखं जपून चावता येत नाही. "न्हाई, आबा," मी म्हणतो. ते मान हलवतात, आणि पुढच्या बाजाराच्या दिवसासाठी बाभळीची चार लाकडं वेगळी काढून ठेवतात.